चांदीचा शेकर, पेग मेजर आणि फ्लास्क यांची निगा कशी राखावी

चांदी घासली की काळपटपणासोबत चांदीचाही पातळ थर निघून जातो. म्हणून हाताने घडवलेला शेकर (कॉकटेल हलवून मिसळायचं भांडं) असो की पेग मेजर (दारू मोजायचं माप), निगा धुण्यापुसण्यातच राखायची. पॉलिशची पाळी जितकी उशिरा येईल तितकं बरं.

आधी बुडाचा शिक्का पाहा. स्टर्लिंगमध्ये ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं, शिक्का ‘९२५’. इंग्लंडमध्ये घडलेल्या भांड्यावर बहुधा चालता सिंह असतो, सोबत तपासणीच्या शहराची खूण: लंडनची बिबट्याचं मुंडकं, बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर. ‘ईपीएनएस’ (EPNS) लिहिलेलं भांडं फक्त चांदीच्या मुलाम्याचं. ते फार घासलं तर खालचा धातू उघडा पडतो.

धुणं त्याच रात्री. चांदीचा मोठा शत्रू मीठ. मार्गरिटा या कॉकटेलच्या ग्लासच्या काठाला लावायचं मीठ भांड्यावर ओलसर राहिलं तर पृष्ठभागाला बारीक खड्डे पडतात आणि ते पॉलिशने जात नाहीत. लिंबाचा रसही तसाच ठेवू नये. शेकरचं बूड, गाळणी आणि टोपण वेगळं करा. प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी आणि सौम्य लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब घ्या. एका वेळी एकच भाग मऊ स्पंजने धुवा, खळखळून काढा आणि लगेच सुती फडक्याने पुसा. बोअरच्या पाण्याचे डाग फार लवकर बसतात. मग रात्रभर टॉवेलवर पालथं ठेवा. टोपण पूर्ण वाळल्यावरच लावायचं. डिशवॉशरमध्ये मात्र कधीही नाही: तिथली तीव्र पावडर चकाकी घालवते.

बर्फाने टोपण अडकलं तर ओट्यावर आपटू नका. चांदी मऊ असते, काठाचा गोल बिघडला की शेकर कायमचा गळतो. थंडीने टोपण आकसलेलं असतं. त्यावर फडकं कोमट पाण्यात भिजवून धरा आणि हळूच फिरवा.

काळपटपणा खरंच आला असेल तरच चांदीसाठीचं क्रीम ओल्या सुती कापडावर घ्या. हात हलका आणि सरळ रेषेत, गोल गोल नाही. शिक्क्यावरून शक्यतो फिरवू नका, तो झिजतो. नक्षीच्या खाचांतला काळेपणा अनेकदा कारागिराने मुद्दाम ठेवलेला असतो, त्यानेच खोदकाम उठून दिसतं. तो तसाच राहू द्या. आतून सोन्याचा मुलामा असेल तिथे क्रीम लावायचं नाही. शेवटी नीट धुवा, नाहीतर खाचांत पांढरी पूड वाळून बसते.

राख, रांगोळी, टूथपेस्ट यांनी ओरखडे पडतात. अॅल्युमिनियम फॉइल आणि गरम सोड्याच्या पाण्याचा उपाय काळपटपणा घालवतो खरा, पण खाचांतली मुद्दाम दिलेली काळी छटाही घालवतो. पोकळ दांड्याच्या चमच्यात पाणी शिरतं ते वेगळंच.

काळपटपणा येतो हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र यांतूनही ती निघतात. कोकणातल्या, मुंबईतल्या दमट हवेत तर तो अधिक लवकर. भांडं मलमलीत गुंडाळून झिप-पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

फ्लास्कमध्ये, म्हणजे खिशात ठेवायच्या चपट्या बाटलीत, व्हिस्की एक-दोन दिवसच. ज्यूस किंवा गोड लिकर नकोच. रिकामा झाला की गरम पाण्याने दोनदा खळबळून बूच काढून पालथा ठेवा.