पुरळ कोठे उठले आहे, ते आधी पाहा

कातडीवर पुरळ उठले, की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: काल काय खाल्ले? मग वांगे बंद होते, आंबट बंद होते, उष्णता झाली म्हणून सब्जाचे पाणी सुरू होते, आणि पंधरा दिवसांनी पुरळ होते तिथेच असते. अंगावर गांधी उठून काही तासांत विरून जाणारे पित्त खाण्यामुळे किंवा औषधामुळे उठू शकते, हे खरे आहे. परंतु एकाच जागी येणारा, खाजणारा, सोलवटणारा आणि आठवडेच्या आठवडे न हलणारा चट्टा अनेकदा स्पर्शातून आलेला असतो. त्याचे कारण ताटात न शोधता त्या जागेला रोज काय लागते, यात शोधावे.

हे कारण सहजी सापडत नाही, कारण स्पर्शाची ॲलर्जी उशिरा बोलते. वस्तू लागल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारणपणे एक ते तीन दिवस जातात, त्यामुळे सोमवारच्या खाजेचे मूळ शनिवारच्या लग्नात घातलेल्या हारात असू शकते. शिवाय, ‘दहा वर्षे हीच टिकली लावते, आताच कशी बाधेल?’ हा प्रश्न रास्त वाटला तरी उत्तर उलटे आहे. पुष्कळदा वारंवार संपर्क आल्यानंतरच शरीर एखाद्या पदार्थाला परका मानू लागते, आणि एकदा मानले की ती खूणगाठ बहुधा आयुष्यभर टिकते.

म्हणून पहिले काम म्हणजे कागदावर शरीराची ढोबळ आकृती काढून चट्ट्यांच्या जागा खुणावणे. कपाळाच्या मधोमध गोल चट्टा असेल, तर टिकलीचा गोंद किंवा कुंकवातला रंग यांवर संशय घ्यावा. टिकलीच्या गोंदातील काही रसायनांमुळे त्या जागेचा रंगच उडतो, त्यामुळे पांढुरकी छटा दिसताच टिकली त्याच दिवशी थांबवावी. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, मनगट आणि बेंबीच्या खालचा भाग या निकेल या धातूच्या ॲलर्जीच्या जागा आहेत. खोटे दागिने, घड्याळाचा पट्टा, जीन्सचे बटण आणि कमरपट्ट्याची कडी यांतून घामाबरोबर निकेल झिरपते, म्हणूनच उन्हाळ्यात हा त्रास वाढतो. निकेल तपासण्याचे द्रावण मिळते. त्यात भिजवलेला कापूस धातूवर घासल्यावर गुलाबी झाला, तर ती वस्तू अंगावर घालू नये. केसांच्या कडेने, कानांमागे आणि पापण्यांवर सूज आली, तर केसांचा कलप आठवावा. त्यातील पीपीडी नावाचे रंगाचे रसायन हाच पदार्थ झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीतही मिसळलेला आढळतो. पापण्यांची कातडी फार पातळ असल्यामुळे नखांना लावलेले नेलपॉलिश बोटांवर काही न करता डोळ्यांभोवती पुरळ उठवू शकते. पावलावर चपलेच्या पट्ट्याचाच आकार उमटला असेल, तर चामडे कमावताना वापरलेले क्रोमियम किंवा रबरातील रसायने हे कारण असू शकते.

हातांकडे मात्र अधिक बारकाईने पाहावे. माझ्या आत्याच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट, एवढ्याच तीन बोटांची टोके कोरडी पडून चिरत असत, आणि उजवा हात स्वच्छ असे. भांड्यांचा साबण बदलून झाला, हातमोजे झाले, फरक पडेना. एके दिवशी ती लसूण चिरत असताना शेजारी बसलो, तेव्हा उलगडा झाला: सुरी उजव्या हातात होती, आणि पाकळी धरली होती नेमक्या त्याच तीन बोटांनी. साबण, सोडा, फिनेल यांनी होणारा त्रास वेगळा असतो. ती ॲलर्जी नसून कातडीची झीज असते, ती बोटातल्या अंगठीखाली आणि दोन्ही हातांवर पसरते, आणि पाण्यातले काम कमी करून दिवसातून अनेकदा साधे व्हॅसलीन लावल्यास ती बरीच आटोक्यात येते.

चेहरा, मान आणि कोपरांच्या घड्या एकदम काळवंडून खाजू लागल्या, आणि माणूस शेतात किंवा पडीक जमिनीजवळ वावरणारा असला, तर गाजरगवताचा विचार करावा. काँग्रेस गवत, चटकचांदणी अशा नावांनी ओळखले जाणारे हे तण 1950च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आले आणि तेथून देशभर पसरले. त्याच्या वाळलेल्या भुग्यातील पार्थेनिन हे रसायन वाऱ्याबरोबर उघड्या अंगावर बसते. ज्याला याची बाधा आहे, त्याने ते स्वतः उपटू नये. घरातल्या दुसऱ्या कोणी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, फुलावर येण्यापूर्वी ते काढावे. आपले कपडे त्या बाजूला वाळत घालू नयेत.

बिब्ब्याबद्दलही सांगितलेच पाहिजे, कारण तो अजूनही दुखऱ्या सांध्यांना आणि टाचांच्या भेगांना लावला जातो आणि उततो. बिब्बा, काजूची टरफले आणि आंब्याचा चीक हे एकाच कुळातले आहेत. बिब्बा उतणाऱ्या माणसाला आंब्याच्या देठाकडच्या चिकानेही ओठांभोवती पुरळ येऊ शकते, तेव्हा चीक गाळून, फळ धुऊन आणि साल दुसऱ्याकडून काढवून घ्यावी.

संशयित ठरले, की त्या जागेला लागणाऱ्या साऱ्या वस्तू एकदम बंद कराव्यात आणि तीन-चार आठवडे धीर धरावा; चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. चट्टा गेल्यावर एकेक वस्तू परत आणावी. क्रीम किंवा लोशन असेल, तर कोपराच्या आतल्या बाजूस नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. कलप, साबण, डिटर्जंट आणि बिब्बा यांची अशी घरगुती परीक्षा कधीही घेऊ नये. वेष्टनावरील ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘नैसर्गिक’ या शब्दांनी निश्चिंत होऊ नये. सुगंधी तेलेसुद्धा ॲलर्जी आणतात.

औषधाच्या दुकानातून मागून आणलेली मिश्र मलमे तर मुळीच लावू नयेत. त्यांतील स्टेरॉइडमुळे खाज दबते आणि नायटा असल्यास तो आतल्या आत पसरतो. काहींमधील निओमायसिन हे जंतुनाशक औषध स्वतःच ॲलर्जीचे कारण होते. रात्री वाढणारी खाज बोटांच्या बेचक्यांत असेल आणि घरातल्या इतरांनाही असेल, तर ती खरूज असू शकते, तिचा इलाज वेगळा आहे. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर मात्र काहीही शोधत न बसता 108 क्रमांकावर फोन करावा.

एवढे करूनही कारण हाती लागले नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्यावी. पाठीवर पदार्थांच्या छोट्या पट्ट्या 48 तास चिकटवून ठेवतात आणि त्या काढल्यावर, तसेच पुन्हा एक-दोन दिवसांनी कातडी पाहतात. तोवर पाठ भिजवायची नसते. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तसे आधीच सांगावे, आणि घरी वापरात असलेली क्रीमे, तेले, दागिने त्यांच्या वेष्टनांसह पिशवीत घालून न्यावीत. पदार्थाचे नाव कळल्यावर ते डॉक्टरांकडून मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून घ्यावे, पाकिटात ठेवावे, आणि सोनाराकडे, पार्लरमध्ये व औषधाच्या दुकानात काही घेण्याआधी ती चिठ्ठी दाखवावी.