विमानातून मिथेन मोजताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात नागपुरात माझ्याकडे चार-पाच मुलं प्रकल्पासाठी येतात. एखाद्याला परदेशातल्या मोहिमेत विमानात बसायची संधी मिळालेली असते. बाकीच्यांच्या हाती अलास्का किंवा कॅनडावरच्या उड्डाणांच्या फायली असतात. माणसं दरवर्षी नवी आणि चुका त्याच, म्हणून आता लिहूनच काढते.

उत्तरेकडच्या कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन आहे, वातावरणातल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट. जमीन वितळली की सूक्ष्मजीव तो खायला लागतात. कोरड्या जागी त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, पाणी साचलेल्या जागी मिथेन. जमिनीवर ठेवलेला वायू मोजायचा डबा एखाद्या चौरस मीटरचा हिशेब देतो, विमान एका दिवसात शेकडो किलोमीटरचा. म्हणूनच विमानातल्या आकड्यात चूक झाली की ती शेकडो किलोमीटर पसरते.

नळीतला वेळ विसरणे

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. हवा विमानाच्या बाहेरच्या तोंडातून आत येते, नळीतून जाते, फिल्टरमधून जाते आणि मग वायू मोजणाऱ्या यंत्रात, म्हणजे अ‍ॅनालायझरमध्ये पोचते. यात काही सेकंद जातात. जीपीएस मात्र त्या क्षणी विमान जिथे असेल ती जागा लिहून मोकळं होतं. दोन्ही रकाने शेजारी शेजारी चिकटवले की मिथेन भलत्याच ठिकाणी दिसतो.

एका मुलाकडे नदीच्या त्रिभुज प्रदेशावरच्या उड्डाणांची कच्ची फाइल होती. तळी, डबकी आणि मध्ये कोरडे उंचवटे असा तो भाग. मोठ्या उत्साहात आला, "मॅडम, उंचवट्यांवरच मिथेनचा पीक येऊन राहिला ना! तळ्यांवर काहीच नाही." पीक म्हणजे आकड्याची उसळी. उंचवट्याला भेगा पडतात, त्यातून वायू सुटतो, असं स्पष्टीकरणही त्याने तयार ठेवलं होतं. प्रबंधाचं एक प्रकरण लिहून झालं होतं. मी एवढंच म्हटलं, "बाबू, उत्तरेकडे जाणाऱ्या फेऱ्या आणि दक्षिणेकडे येणाऱ्या फेऱ्या वेगळ्या करून आण." दुसऱ्या दिवशी आला तेव्हा चेहरा उतरलेला. विमान उत्तरेकडे जाताना प्रत्येक पीक तळ्याच्या उत्तरेला होता आणि परत येताना दक्षिणेला. विमानाचा वेग सेकंदाला ६० मीटर, नळीतला विलंब ११ सेकंद, म्हणजे ६६० मीटरची सरक. तळ्यांचा मिथेन त्याने उंचवट्यांच्या नावावर लिहिला होता. चार महिन्यांचं काम गेलं, आणि ते दुःख मलाही झालं, कारण मुलगा कष्टाळू होता. फक्त नकाशा बघायची घाई झाली.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी भांडेवाडीला नेते. तिथल्या डम्पिंग यार्डातून मिथेन निघतोच. गाडीच्या टपावर नळीचं तोंड, मागच्या सीटवर अ‍ॅनालायझर, आणि बाजूच्या रस्त्याने ताशी ३६ किलोमीटरने एकदा जायचं, एकदा यायचं. एकच उगम नकाशावर दोन ठिकाणी दिसतो. दोन पीकांमधलं अंतर १८० मीटर आलं, तर एका फेरीची सरक त्याच्या निम्मी, ९० मीटर, आणि वेग सेकंदाला १० मीटर असल्यामुळे विलंब ९ सेकंदांचा. वासात अर्धा तास उभं राहून हे एकदा स्वतः केलं की मूल पुन्हा कधी विसरत नाही. आणखी सोपी खात्री म्हणजे नळीच्या तोंडाशी जोरात फुंकर मारायची आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडा किती सेकंदांनी उसळतो ते घड्याळात बघायचं. मी दर उड्डाणाआधी आणि उड्डाणानंतर हे करायला सांगते. उंचीनुसार हवेचा दाब बदलतो आणि त्याबरोबर विलंबही, त्यामुळे जमिनीवर मोजलेला एकच आकडा सगळ्या उड्डाणाला लावू नका.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वाऱ्यामुळेही मिथेन उगमापासून सरकतो, कारण विमानाखालची हवा वाऱ्याच्या दिशेने वाहत आलेली असते. पण वाऱ्याची सरक दोन्ही फेऱ्यांत एकाच बाजूला असते, नळीची सरक फेरीबरोबर बाजू बदलते. आधी नळीचा हिशेब मिटवा, मग वाऱ्याकडे वळा.

ओल्या हवेचा आकडा कोरडा समजणे

हवेत वाफ मिसळली की बाकी वायूंचा वाटा तेवढा कमी होतो. आपल्याकडे जुलैत हवेत ३ टक्क्यांच्या आसपास वाफ असते. खरा कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) असेल तर नुसत्या वाफेमुळे तो १२-१३ पीपीएम कमी दिसतो. उत्तर ध्रुवाजवळच्या उन्हाळ्यात वाफ एखाद्या टक्क्याच्या घरात असते. तेवढ्यानेही मिथेन १९०० पीपीबीऐवजी (अब्जात १९०० भाग) १८८० दिसेल, आणि गोठलेल्या जमिनीवर आपण ज्या वाढीच्या शोधात असतो ती अनेकदा एवढीच असते. त्यातून जमिनीलगतची हवा दमट आणि वरची कोरडी. म्हणजे जिथे वायू जास्त, नेमका तिथेच आकडा खाली ओढला जातो. जमिनीतून काही निघतच नाही, असा निष्कर्ष काढून मुलं मोकळी होतात.

दुरुस्तीसाठी विमानाच्या बाहेरच्या आर्द्रता सेन्सरचा आकडा घेऊ नका. वाफ नळीच्या भिंतीला चिकटते आणि मिथेनच्या मागून पोचते. अ‍ॅनालायझर त्याच कक्षात, त्याच क्षणी जी वाफ मोजतो तीच वापरा. आणि कंपनीने दिलेलं दुरुस्तीचं सूत्र आंधळेपणाने घेऊ नका. सिलिंडरमधली कोरडी हवा सोडा, नळीत पाण्याचा एक थेंब टाका आणि तो सुकेपर्यंत बघत बसा. वाफेचा आकडा उतरत जाईल, पण दुरुस्त केलेला मिथेन सपाट राहिला पाहिजे. तो वाकला तर सूत्र तुमच्या यंत्राला लागू नाही. या चाचणीला तासभर लागतो. "तेवढा वेळ नाही मॅडम" म्हणणाऱ्याला मी विमानाची फाइल उघडू देत नाही.

आता बाकीच्या.

लॅपटॉप भारतीय वेळेवर आणि फाइल यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. साडेपाच तासांची चूक, दरवर्षी एकाची तरी. सगळं यूटीसीतच ठेवा.

विमान वळत असतानाची वाऱ्याची मापं काढून टाका. घिरट्या घालताना विमानाचा स्वतःचाच धूर पुन्हा नळीच्या तोंडात येतो, तेही तपासा.

उड्डाण चालू असताना ठरावीक वेळाने प्रमाणित सिलिंडरची (ज्यातल्या वायूंचं प्रमाण आधीच माहीत आहे अशी) हवा यंत्रात सोडायचीच. जुन्या-नव्या फायली जोडताना कार्बन डायऑक्साइडचं प्रमाणमाप कोणतं ते बघा. २००७ची जागतिक मोजपट्टी आणि २०१९ची, यांत ४०० पीपीएमला ०.१८ पीपीएमचा फरक आहे.

एकाच उंचीवरून सरळ उडून निष्कर्ष काढू नका. डिसेंबरच्या सकाळी फुटाळा तलावावर बघा, धूर पाण्यालगत सपाट पसरलेला असतो, आणि दुपारी तोच धूर वर मिसळून विरून जातो. जमिनीतून तेवढाच वायू निघाला तरी तो ज्या हवेच्या थरात मिसळतो तो थर उथळ असेल तर आकडा मोठा दिसतो. थर किती उंच आहे हे कळायला विमान खाली-वर न्यावंच लागतं. इंधन जातं म्हणून ह्या फेऱ्या कापणारे लोक मला अजिबात पटत नाहीत.

प्रत्येक वाढ वितळत्या जमिनीच्या माथी मारू नका. नासाच्या कार्व्ह मोहिमेत २०१२ ते २०१५ या काळात अलास्कावर उड्डाणं झाली, आणि २०१५मध्ये तिथे ५० लाख एकरांहून जास्त क्षेत्र जळलं. कार्बन मोनॉक्साइड बरोबर वाढला असेल तर तो वणव्याचा धूर. जर्मन शास्त्रज्ञांनी २०१२ आणि २०१३मध्ये पोलर ५ हे विमान कॅनडातल्या मॅकेंझी नदीच्या त्रिभुज प्रदेशावर अगदी खालून उडवलं. तिथे जेमतेम १ टक्का क्षेत्रातून वर्षाच्या मिथेनपैकी सुमारे १७ टक्के निघत होता, आणि तो आजच्या सूक्ष्मजीवांचा नव्हता. खोल खडकातला जुना वायू होता, गोठलेल्या थराला भोकं पडली तिथून वर येणारा. ह्या दोन मिथेनची एकत्र सरासरी काढली तर सगळ्याच पाणथळ जमिनीचा हिशेब फुगतो.

आणि जुलै-ऑगस्टची उड्डाणं घेऊन वर्षाचा आकडा सांगू नका. अलास्कातल्या टुंड्रावर वर्षभर मोजल्यावर २०१६मध्ये दिसलं की वर्षातला निम्मा किंवा त्याहून जास्त मिथेन सप्टेंबर ते मे या थंड महिन्यांत निघतो. वरून जमीन गोठायला लागते, खालून गोठलेलीच असते, पण मधला थर कित्येक आठवडे शून्य अंशाला ओला राहतो आणि तिथले सूक्ष्मजीव काम करत राहतात. फाइलमध्ये ऑक्टोबरची उड्डाणं असतील तर सगळ्यात आधी ती उघडा.