धुराचा अलार्म : आधी रात्री घरात एक फेरी मारा

रात्री साडेअकराला, सगळे झोपल्यावर, आपल्याच घरात एक फेरी मारा. हातात कागद-पेन घ्या. कोण कुठं झोपलंय, कुणाचं दार लावलेलं आहे, कुठं एसी चालू आहे, कुठं डासांची कॉइल पेटलीय, कुठला चार्जर गादीवर पडलाय, सगळं लिहून काढा. अलार्म विकत घ्यायच्या आधीचं काम हे. मी वायरमन. १९९८ साली पुण्यात औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडलो, तेव्हापासून कोथरूड, कर्वेनगर, वारजे या भागात घरोघरी कामं करतो. धुराचा अलार्म लावून द्या म्हणणारे बहुतेक जण आधी मला स्वयंपाकघरात नेतात. मी म्हणतो, आधी झोपायच्या खोल्या दाखवा.

आमचं घर धायरीला, दोन बेडरूमचं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात आईच्या कॉटखाली कॉइल लावलेली होती. रात्री कधीतरी गोधडीचं टोक घसरून तिच्यावर पडलं. जाळ झालाच नाही. सुती गोधडी नुसती धुमसत राहिली. आईचं दार लोटलेलं, आमचं एसीमुळे बंद. मी पाणी प्यायला उठलो म्हणून कळलं. तिचं दार उघडलं तर छताखाली धुराचा थर साचलेला आणि खाली आई शांत झोपलेली. तिला वास आलाच नव्हता. झोपेत माणसाचं नाक त्याला उठवत नाही, कान उठवतो. आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर माणसाला आणखी गुंगीत नेतो. आई दोन दिवस खोकली आणि बरी झाली. तोवर ऑफिसांमध्ये, दवाखान्यांमध्ये मी माझ्या हातानं कितीतरी डिटेक्टर बसवले होते. माझ्या घरात एकही नव्हता. ते अजून सलतं.

आता खरेदी. इथं एक चूक मी वारंवार बघतो. वारज्यातल्या एका घरी छताला चार सुंदर पांढरे डिटेक्टर चिकटवलेले होते. ऑनलाइन स्वस्तात मिळाले म्हणून घरमालक खूश होते. मी खाली काढून बघितले तर आत ना बॅटरी, ना भोंगा. ते पॅनेलवर चालणारे होते. ऑफिसात, मॉलमध्ये असे डिटेक्टर वायरनं एका पॅनेलला जोडतात, पॅनेल त्यांना २४ व्होल्ट पुरवतं आणि भोंगा वेगळाच असतो. पॅनेलशिवाय ती नुसती प्लास्टिकची वाटी. दोन वर्षं ते कुटुंब त्या वाट्यांच्या भरवशावर झोपत होतं. म्हणून तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत जा नाहीतर ऑनलाइन घ्या, तीन गोष्टी विचारा: बॅटरी आतच आहे का, भोंगा आतच आहे का, आणि चाचणीचं बटण आहे का. तिन्हींना ‘हो’ आलं तरच तो घरचा अलार्म. खोक्यावर ‘ईएन १४६०४’ किंवा ‘यूएल २१७’ असा शिक्का असेल तर तो घरासाठीच्या कसोटीचा आहे. नुसतं ‘ईएन ५४’ लिहिलेलं असेल तर तो पॅनेलवाल्यांचा.

आतल्या यंत्राचे दोन प्रकार. मी घरासाठी फोटोइलेक्ट्रिकच घ्यायला सांगतो. सकाळी खिडकीतून कवडसा आला की हवेतली धूळ दिसायला लागते ना, तसंच त्याचं आहे. आत काळोखी कुपी, तिच्यात एक बारीक दिवा, आणि दिव्याचा झोत थेट पडणार नाही अशा जागी एक डोळा. कुपीत धूर शिरला की उजेड त्याच्या कणांवरून विखुरतो, डोळ्यावर पडतो आणि भोंगा वाजतो. गादी, सोफा, गोधडी, वायरचं प्लास्टिक अशा धुमसणाऱ्या आगीचा जाड धूर त्याला लवकर सापडतो. दुसरा प्रकार आयनायझेशनचा. त्यात अमेरिशियम २४१ या किरणोत्सारी पदार्थाचा कण असतो. भडकलेल्या आगीला तो थोडा आधी ओळखतो, पण फोडणीला आणि टोस्टलाही तो आधी ओळखतो, आणि मग घरातला कुणीतरी वैतागून त्याची बॅटरी काढतो. बॅटरी काढलेला अलार्म नसलेल्यापेक्षा वाईट, कारण तो आहे असं सगळ्यांना वाटत राहतं.

शक्य असेल तर एकमेकांना वायरलेसनं जोडले जाणारे घ्या. एक वाजला की सगळे वाजतात. आईच्या खोलीतला अलार्म, मध्ये दोन बंद दारं, माझ्या डोक्यावर एसीचा आवाज. हे सगळं पार करून तो मला उठवेल का, ही शंकाच आहे. बॅटरी सीलबंद, दहा वर्षांची मिळाली तर उत्तम. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी वर्षाला बदलावी लागते, आणि मधल्या काळात ती मुलांच्या खेळण्यात जाते.

किती घ्यायचे? प्रत्येक झोपायच्या खोलीत एक आणि खोल्यांच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये एक. म्हणजे दोन बेडरूमच्या घरात तीन. हॉलमध्ये कुणी झोपत असेल तर चार. रो हाउस असेल तर प्रत्येक मजल्यावर, जिन्याच्या वरच्या टोकाला. पैसे एकाचेच असतील तर तुमचा तो रात्रीचा कागद बघा. दारं उघडी ठेवून झोपत असाल तर पॅसेज. पण म्हातारं माणूस दार लावून, कॉइल पेटवून झोपत असेल तर पहिला अलार्म त्या खोलीत. यात मी दुमत ठेवत नाही.

जागेकडे येतो, कारण खरा घोळ इथंच होतो. धूर गरम असतो, वर जातो, म्हणून अलार्म छताला. पण आपल्या घरांत छताच्या बरोबर मधोमध पंखा असतो, आणि परदेशी माहितीपत्रकातल्या चित्रात तो नसतो. पंख्याच्या झोतात धूर कुपीत टिकत नाही. पात्याच्या टोकापासून अलार्म निदान ३ फूट लांब हवा. आपला नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे मधल्या दांड्यापासून पात्याचं टोक २ फुटांवर. म्हणून दांड्यापासून सरळ ५ फूट मोजा. १० बाय १२ च्या खोलीत आखूड बाजूला ही जागा भिंतीतच जाते. लांब बाजूला भिंतीआधी जेमतेम फूटभर उरतं. म्हणून मी कोपऱ्याच्या दिशेनं तिरपं मोजतो. दांड्यापासून कोपरा पावणेआठ फुटांवर येतो, त्यात ५ ते ६ फुटांवर खूण करतो. अगदी कोपऱ्यात मात्र घुसायचं नाही, तिथं हवा अडून बसते. एसीचा झोत ज्या बाजूला येतो तिथूनही ३ फूट दूर.

छतात छिद्र करणं जमतच नसेल, भाड्याचं घर असेल, तर भिंतीवर लावा, पण छतापासून फूटभराच्या आत. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर लावलेला अलार्म वाजेपर्यंत धूर तुमच्या नाकात असतो. हॉलमध्ये मध्ये खोल बीम असेल तर बघा: बीम धुराला बांधासारखा अडवतो. अलार्म झोपायच्या खोल्यांकडच्या कप्प्यात, स्लॅबला लावा. पॅसेजमध्ये बाथरूमचं दार असतं, त्यापासून ३ फूट सोडा, नाहीतर हिवाळ्यात कढत पाण्याची वाफ रोज भोंगा वाजवेल.

देवघराचं कर्वेनगरच्या एका काकूंनी मला विचारलं होतं. “धूप घातला की वाजणार, मग काय देवाला धूप घालायचा नाही का?” मी म्हटलं, काकू, देवघरापासून १० फूट लांब लावतो, आणि वाजलाच तर बटण दाबा, काही मिनिटं गप्प बसेल. असं गप्प करायचं बटण असलेलाच अलार्म घ्या. गणपतीच्या दिवसांत आरतीला कापूर, धूप, उदबत्त्या सगळं एका वेळी असतं. तेव्हाही अलार्म उतरवायचा नाही. मखरातली विजेची माळ, पडदा आणि समई इतकी जवळ वर्षात दुसऱ्या कधी नसतात.

बसवताना दुपदरी टेपवर विश्वास ठेवू नका. डिस्टेंपरचा पापुद्रा सुटतो आणि अलार्म पावसाळ्यात खाली येतो. ६ मिलिमीटरचं बिट, दोन प्लास्टिकच्या गिट्ट्या, दोन स्क्रू, बास. पण छिद्र पाडण्याआधी, स्लॅबमधून पंख्याच्या वायरचा पाइप कुठून गेलाय याचा अंदाज घ्या. तो बहुतेक वेळा स्विचबोर्डाच्या भिंतीकडून येतो. शंका असेल तर त्या रेषेवर ड्रिल लावू नका, आणि मेन बंद करूनच काम करा. पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर अलार्म त्याच्या खालच्या अंगाला, वरच्या पोकळीत नाही.

स्वयंपाकघरात धुराचा अलार्म नको. शेगडीपासून १० फुटांच्या आत लावला तर मिरच्यांच्या ठेच्यानंच तो बदनाम होईल. तिथं उष्णतेवर वाजणारा वेगळा अलार्म मिळतो, साधारण ५७–५८ अंशांना वाजतो, तो लावा. धुराचा अलार्म गॅसची गळती ओळखत नाही, हे पुष्कळांना सांगावं लागतं. गॅसचा अलार्म वेगळा, आणि त्याची जागा गॅसवर ठरते. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, फरशीवर पसरतो, म्हणून अलार्म खाली, जमिनीपासून वीतभर-फूटभर उंचीवर. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, म्हणून अलार्म वर, छताजवळ. पुण्यात एमएनजीएल या गॅस कंपनीची पाइपलाइन आल्यावर पुष्कळ घरांत सिलिंडर गेला, पण त्याच्यासाठी लावलेला अलार्म तसाच खाली राहिला. तुमच्याकडे असं झालं असेल तर आजच बदला. तो अलार्म मिथेनसाठी आहे का, हेही खोक्यावर बघा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करायचं नाही. रेग्युलेटर किंवा पाइपची चावी बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि फोन बाहेर जाऊन. एलपीजीसाठी क्रमांक १९०६, आग असेल तर १०१.

बंद बाथरूममधल्या गॅस गिझरवर कुठला अलार्म लावू, असं विचारू नका. गिझर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत काढा. बंद जागेत ऑक्सिजन कमी पडला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही.

ई-स्कूटरची बॅटरी वर आणून चार्ज करत असाल तर ती दाराजवळ नको, आणि सगळे झोपलेले असताना नको. तिनं पेट घेतला तर बाहेर जायची वाटच पेटते.

देखभाल थोडीच आहे, पण ती ठरलेल्या दिवशी व्हायला हवी. आमच्याकडे संकष्टीला. चंद्रोदयाची वाट बघत आई बसलेली असते, तेव्हा थोरली झाडूच्या दांड्यानं तिन्ही अलार्मची बटणं दाबते. उदबत्तीचा धूर देऊन तपासू नका, कुपी तेलकट होते. पावसाळ्यात बारीक किडे आत शिरतात, कोळी घर करतो, आणि मग मध्यरात्री उगाच वाजतो. दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रशनं किंवा व्हॅक्यूम क्लीनरनं कडा साफ करा. दिवाळीआधी रंगकाम काढलंत तर रंगाऱ्याला सांगा, अलार्मवर रंग मारायचा नाही. तो उतरवून ठेवावा आणि त्याच संध्याकाळी परत लावावा. दर मिनिटाला एक ‘टिक’ असा आवाज आला तर बॅटरी संपत आली. डिसेंबरात तो बहुधा पहाटे येतो, कारण गारठ्यात बॅटरीचा जोर उतरतो. आणि दहा वर्षांनी अख्खा अलार्म बदलायचा, चालत असला तरी. मागच्या बाजूला बनवल्याची तारीख असते. ती मार्करनं पुढच्या कडेवर लिहून ठेवा, नाहीतर स्टुलावर चढून कोण बघणार?

हे सगळं झालं की रात्रीची दुसरी फेरी. या वेळी सगळे गाढ झोपेत असताना अलार्म वाजवा. मी दोन वाजता वाजवला. बायको ताडकन उठली, थोरली उठली. सात वर्षांचा धाकटा हललाही नाही. लहान मुलं भोंग्यानं उठतीलच असं धरून चालू नका. आईनं डोळे उघडले ते मी हात लावल्यावर. वयाबरोबर आधी जातात ते बारीक, कर्कश सूर, आणि अलार्मचा सूर नेमका तसाच, ३००० हर्ट्झच्या वर. जाड आवाजाचे, ५२० हर्ट्झचे अलार्म असतात, उशीखाली थरथरणारेही असतात. ते मिळेपर्यंत माणूस नेमा. आमच्यात आई माझ्याकडे, धाकटा बायकोकडे. थोरलीनं कुणासाठी थांबायचं नाही, जिन्यानं खाली, वॉचमनच्या केबिनपाशी. लिफ्ट वापरायची नाही.

त्या रात्री आम्ही दारापर्यंत पटकन आलो आणि सेफ्टी डोअरच्या कुलपाशी अडकलो. किल्ली माझ्या पॅन्टच्या खिशात, पॅन्ट बेडरूममध्ये. खिडक्यांना लोखंडी ग्रिल, तिकडून वाट नाही. आता किल्ली दाराच्या उजव्या बाजूला, आईचा हात पोचेल इतक्या उंचीवर खिळ्याला असते, आणि झोपायच्या आधी ती तिथं आहे की नाही हे आईच बघते.