कन्व्हर्टर बदलताना नट तुटू नयेत म्हणून

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे (इंजिनाचा धूर कमी विषारी करणारा, सायलेन्सरच्या आधीचा डबा) नट गंजून घट्ट बसतात; जोर लावला की स्टडच (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) मोडतो. आदल्या रात्री, सायलेन्सर थंड असताना, नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी परत एकदा मारा, मग पान्याला हात घाला.

नवा बसवताना:
१. त्यावरचा बाण सायलेन्सरच्या दिशेला हवा.
२. गॅस्केट (सांध्यातून धूर गळू नये म्हणून मध्ये बसवतात ते) नवंच घ्या. (जुनं वापरलं की फुसफुस ठरलेली!) सिलिकॉन लावू नका, ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही खराब होतात.
३. सगळे नट आधी हातानेच लावा. पाइप कुठे बॉडीला घासत नाही ना, हे बघून मगच आवळा.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच.