लेबलसाठी सेरिफ फॉन्ट घेताय? आधी सगळ्यात बारीक ओळ छापून बघा

स्क्रीनवर झकास दिसणारा सेरिफ फॉन्ट (म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोट्या रेषा असलेला) साबणाच्या किंवा मेणबत्तीच्या छोट्या लेबलवर आला की त्याच्या बारीक रेषा गायब होतात, आणि हे कळेपर्यंत स्टिकर पेपर वाया गेलेला असतो.

१. ब्रँडचं नाव नाही, लेबलवरची सगळ्यात छोटी ओळ घ्या, म्हणजे घटक, वजन, बॅच नंबर. तीच ओळ ३-४ फॉन्टमध्ये ६ आणि ७ पॉइंटला टाइप करा.

२. साध्या कागदावर १०० टक्के स्केलला प्रिंट काढा. 'फिट टू पेज' बंद करा, नाहीतर साइजच बदलतो आणि सगळी टेस्ट फुकट.

३. प्रिंट कापून बाटलीला किंवा डबीला चिकटवा, हातभर लांब धरून वाचा. e चं पोट भरलंय का, rn हे m सारखं दिसतंय का बघा. आकडे पण बघा हं, जॉर्जिया फॉन्टमध्ये शून्य छोट्या o सारखं दिसतं, बॅच नंबरला ते नकोच.

बोडोनी, प्लेफेअर डिस्प्ले हे फॉन्ट मोठ्या नावापुरतेच ठेवा, छोट्या मजकुराला लोरा किंवा मेरीवेदर घ्या, मला तरी मेरीवेदर जास्त आवडतो कारण त्याच्या रेषा जाड आहेत आणि अक्षरं मोकळी. गडद लेबलवर पांढरी अक्षरं असतील तर त्याच फॉन्टचा एक पायरी जाड प्रकार घ्या, शाई पसरून अक्षरं अजून बारीक होतात.

आणि विकायच्या वस्तूवर वापरणार असाल तर फॉन्टचं लायसन्स नक्की वाचा, 'पर्सनल यूज' लिहिलेला चालत नाही.