अकरावी-बारावीचं फिजिक्स: या चुका टाळा

मागच्या हिवाळ्यात बारावीच्या एका मुलाची वही तपासत होतो. गणित साधंच होतं. विहिरीवर 5 एचपीची मोटर, पाणी 20 मीटर वर चढवायचं, कार्यक्षमता 50 टक्के; मिनिटाला किती पाणी पडेल? त्याचं उत्तर होतं पाऊण लिटर. सूत्र बरोबर, अक्षर सुरेख, उत्तराभोवती चौकट. आदल्याच रात्री तो वावरात ओलित करून आला होता, कारण त्या आठवड्यात त्यांच्याकडे लाइन रात्रीची होती.

"तुमच्या विहिरीवर किती एचपीची आहे?" मी विचारलं.

"पाचचीच आहे जी."

"मग तिच्यातून मिनिटाला पाऊण लिटर पडते का?"

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. "नाही जी सर. तेवढ्या वेळात तर बांधीत पाणी पोचते."

एचपीचे वॅट करायला 746 ने गुणायचं राहिलं होतं. 3730 वॅट, त्यातले निम्मे कामाचे, त्यांना 9.8 गुणिले 20 ने भागायचं. सेकंदाला साडेनऊ लिटर, मिनिटाला साधारण 570. एकक चुकलं, ते सुधारता येतं. पण ज्याने रात्रभर दांड वळवले, त्याला स्वतःचं उत्तर खटकलं नाही, हे मला लागलं. वही उघडली की वावर विसरायचं, अशी सवयच आपण मुलांना लावली आहे.

माझ्या वर्गात गणित सोडवायच्या आधी समासात पेन्सिलने अंदाज लिहावा लागतो: ग्लासभर, बादलीभर की टाकीभर. दिलेल्या किमती मांडतानाच एककं बदलून घ्यायची, सूत्र त्यानंतर. मुलं कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. जाऊ द्या. चुकीचं गणित पूर्ण सोडवण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

दुसरी चूक लॉग टेबलची. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तरी वर्षभर प्रत्येक भागाकार मोबाइलवर होतो आणि टेबल उघडलं जातं फेब्रुवारीत. मग 0.00373 चा लॉग बार 3.5717 येतो आणि पोरगं त्याला सरळ उणे 3.5717 समजतं. बार फक्त 3 वर आहे. उणे तीन, अधिक 0.5717. एवढ्या एका रेघेपायी पूर्ण सोडवलेलं गणित हातचं जातं. अकरावीच्या जूनपासून मोबाइल दप्तरात ठेवा आणि रोज चार भागाकार लॉगने करा. चौथ्या अंकासाठी मीन डिफरन्सचा रकाना बघायला विसरू नका.

बैल बंडीला ओढतो तेवढ्याच बलाने बंडी बैलाला ओढते, मग बंडी हलते कशी, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. प्रश्न चांगला आहे. ती दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, म्हणून बैलाची आकृती वेगळी काढा, बंडीची वेगळी. बैलाच्या खुरांवर जमिनीचं घर्षण पुढच्या दिशेने आहे, हेही तिथेच दिसतं. घर्षण नेहमी गतीच्या उलटच, हे पाठांतर सोडा.

वायूच्या गणितात तापमान केल्विनमध्ये. भिंगाच्या गणितात चिन्हं आधी, आकडे नंतर. आडव्या पृष्ठभागाची सवय लागून उतारावरही लंब बल एमजी लिहू नका. तिथे ते एमजी कॉस थीटा असतं.

दहा सेकंदांत उत्तर देणाऱ्या ट्रिकचे व्हिडिओ मला पटत नाहीत. सीईटीला 90 मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न असतात, घाई मला समजते. पण तीच गणितं पन्नास वेळा पूर्ण मांडून सोडवलेल्या मुलाला तो वेग आपोआप येतो. दोन महिन्यांत सगळं हवं असणाऱ्याला ट्रिकसुद्धा ऐन वेळी आठवत नाही, कारण ती कशातून निघाली हेच त्याला ठाऊक नसतं.

आणि प्रॅक्टिकलला स्क्रू गेज हातात आला की लगेच तार अडकवू नका. आधी रिकामाच मिटवा, शून्य कुठे येतं ते बघा आणि वहीच्या पहिल्या ओळीत लिहा.