लठ्ठ रुग्णाची भूल उतरताना: श्वसनावर लक्ष ठेवण्यातील या चुका टाळा

पूर्ण भूल दिलेल्या लठ्ठ रुग्णाला रिकव्हरी कक्षात आणले की सर्वांची नजर प्रथम पल्स ऑक्सिमीटरकडे जाते, आणि ९६ किंवा ९७ टक्के दिसले की श्वसन ठीक चालले आहे असे गृहीत धरले जाते. माझ्या मते या काळातील सर्वांत घातक चूक हीच आहे. ऑक्सिमीटर रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता दाखवतो. फुप्फुसांत हवा पुरेशी येते-जाते की नाही, हे तो सांगत नाही. मास्कमधून ऑक्सिजन चालू असेल तर ही उणीव अधिकच झाकली जाते. समुद्रसपाटीला साधी हवा घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ८० मिमी पाऱ्यापर्यंत चढला, तर वायुकोशांतील ऑक्सिजनचा दाब गणिताने सुमारे ५० मिमीवर येतो आणि ऑक्सिमीटरचा इशारा वाजतो. परंतु त्याच रुग्णाला ३० टक्के ऑक्सिजन मिळत असेल, तर तो दाब ११० मिमीच्या आसपास राहतो, आकडा बहुधा समाधानकारक दिसतो आणि रुग्ण मात्र हळूहळू गुंगीत जात असतो. म्हणून ऑक्सिजन बंद करावा असे नव्हे; या रुग्णांना त्याची गरज असतेच. श्वसनाचे मोजमाप मात्र वेगळे करावे लागते, आणि त्यासाठी नाकाजवळच्या नळीची कॅप्नोग्राफी, म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजून त्याची लहर पडद्यावर दाखवणारी पद्धत, उपयोगी पडते.

कॅप्नोग्राफही डोळे मिटून वाचू नये. रुग्ण तोंडाने श्वास घेत असेल, श्वास उथळ असेल किंवा ऑक्सिजनचा प्रवाह जास्त असेल, तर आकडा खोटा कमी येतो; त्यामुळे आकड्यापेक्षा लहरीचा आकार आणि तिची नियमितता पाहावी. लहर सपाट झाली तर नळी निसटली असेल, असे म्हणून प्रथम यंत्राकडे वळू नये. आधी रुग्णाकडे पाहावे, त्याला हाक मारावी, हनुवटी उचलावी आणि मगच नळी तपासावी.

मॉनिटरवरील श्वासांची संख्या बहुतेक वेळा ईसीजीच्या इलेक्ट्रोडमधून, छातीच्या हालचालीवरून काढलेली असते. घसा बंद झालेला रुग्णही छाती हलवतो, त्यामुळे हवा आत जात नसताना पडद्यावर १६ हा आकडा दिसू शकतो. छाती आत आणि पोट बाहेर अशी उलटसुलट हालचाल, घोरणे अचानक थांबणे, मास्कवर बाष्प न दिसणे ही खरी चिन्हे आहेत. संख्या पूर्ण एक मिनिट, स्वतः मोजावी.

रुग्णाला सपाट झोपवणे ही टाळता येण्याजोगी चूक आहे. पोटाच्या भाराने श्वासपटल वर सरकते, उच्छ्वासानंतर फुप्फुसांत उरणारी हवा कमी होते आणि खालचे भाग मिटतात. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने मनाई नसेल तर, डोक्याकडची बाजू सुमारे ३० अंश उचलावी. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंश उरला असल्यासही हेच चित्र दिसते. रुग्णाने डोके उचलून दाखवले एवढ्यावर विसंबू नये, ट्रेन-ऑफ-फोर गुणोत्तर (मज्जातंतूला लागोपाठ चार विद्युत झटके दिल्यावर स्नायूच्या चौथ्या प्रतिसादाचे पहिल्याशी प्रमाण) किमान ०.९ असल्याची उपकरणाने खात्री करावी.

आणखी एक चूक सहज नजरेतून सुटते. नाव विचारताना, रक्तदाब घेताना रुग्ण जागा होतो, चार चांगले श्वास घेतो आणि त्याच क्षणी नोंद केली जाते. स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा विकार) असलेल्या किंवा त्याची शंका असलेल्या रुग्णाला वॉर्डात पाठवण्यापूर्वी कोणीही न बोलता, न हलवता काही काळ शांत पडू द्यावे आणि तेव्हाची संपृक्तता व श्वासातील खंड पाहावेत. घरी सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र) वापरणाऱ्या रुग्णाचे यंत्र कपाटात न ठेवता सुरुवातीपासूनच लावावे.

मॉर्फिनसारखी औषधे दिल्यावर गुंगीची पातळीही दर वेळी नोंदवावी, कारण श्वास मंदावण्यापूर्वी बहुधा गुंगी वाढते. मॉर्फिनचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलोक्सोनने रुग्ण शुद्धीवर आला, तरी नॅलोक्सोनचा परिणाम अनेकदा मॉर्फिनच्या आधी ओसरतो. त्यामुळे पुढील काही तास त्याला सतत निरीक्षणाखालीच ठेवावे.